देवीवाल्याची लेक

अण्णा, तुमची अर्धीच गोष्ट मी सगळ्या गावाला सांगितली. अर्धी सांगितली आणि टाळ्या घेतल्या. उरलेली अर्धी ठाऊक असलेली एकच बाई गावात होती, ती आता नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही हे मला कळतं, मी काही वेडी झालेले नाही. दुपारची वेळ आहे. सकाळचं दूध टँकरने गेलं, संध्याकाळचं यायला अवकाश आहे. संस्थेच्या ऑफिसात वरचा पंखा आणि मी, दोघंच कुरकुरत बसलो आहोत. एरवी या वेळेला मी टेबलावर डोकं टेकून एक डुलकी काढते. आज तेही जमेना.

आधी तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. तुमची लेक चेअरमन झाली. तेलगावच्या पलीकडच्या ज्या कोरडवाहू गावात तुम्ही मला दिलंत, तिथे आम्ही बायकांनी दूध संस्था काढली. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जातं, मागे उरतात म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं. त्या जनावरांच्या जिवावर ही संस्था उभी राहिली. मध्ये दोन दुष्काळ आले, चारा छावण्या झाल्या, गायी हाडांचे सापळे झाल्या, पण संस्था बंद पडली नाही. गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही, ‘चेअरमनबाई’ म्हणतात. मला ते आवडतं. लाजायचं ते दुसऱ्याच गोष्टीला आहे, त्यामुळे हे आधी सांगून टाकलं. या खुर्चीवर बसलं की आपल्या तोंडून निघतं ते खरंच असतं असं वाटायला लागतं. तुम्ही आयुष्यभर सायकलीवर बसलात, तुम्हाला हा रोग व्हायचा प्रश्न नव्हता.

त्या सायकलीपासूनच सुरू करते. बहात्तरचा दुष्काळ. मी आठ-नऊ वर्षांची. तुम्ही देवी काढत गावोगाव फिरत होता. आता माझ्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं, की देवी नावाचा एक रोग होता, त्याची लस दंडावर टोचायची, त्याला देवी काढणं म्हणायचे आणि टोचणाऱ्याला देवीवाला. तुमच्या हँडलला लशीचा थर्मास, मागे कॅरियरवर मी, आणि माझ्या मांडीवर सुया उकळायचा डबा. आई विहिरीवर घागरींच्या रांगेत दिवस दिवस बसलेली असायची, म्हणून मला तुमच्यासोबत धाडायची. खरं कारण तेवढंच नव्हतं. एकट्या देवीवाल्याला बायका दारातूनच हाकलायच्या. ज्या घरात देवी आलेली असे तिथे दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि ‘देवीला सुई टोचतो का रं मुडद्या’ असा आहेर. पण सोबत लेकरू दिसलं की तांब्याभर पाणी तरी पुढे यायचं, आणि त्या वर्षात तांब्याभर पाणी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग तुमची ती पद्धत. लोक जमले की आधी तुम्ही स्वतःची बाही वर करायचात आणि स्वतःच्या दंडावर टोचून घ्यायचात. मग माझ्या. माझी खरी लस तान्हेपणीच टोचून झाली होती, तिचा दंडावर रुपयाएवढा वण आहे. नंतरच्या सगळ्या नुसत्या दाखवायच्या, चार दिवस खाजायच्या आणि खपली धरून जायच्या. ‘आधी आपला दंड, मग लोकांचा,’ तुम्ही म्हणायचात. त्या दुष्काळात अंगावर नवं कापड कुणी घेतलं नसेल, पण तुम्ही शिंप्याकडून मला एक झगा शिवून आणलात, खांद्यावर बटण असलेला, म्हणजे बाही सोडायला बरी. निळा होता, त्यावर पांढरे ठिपके. मी हरखून गेले. आई मात्र चुलीपुढून कडाडली होती, ‘पोरीचा दंड काय सरकारी हाय का, कुनी बी यावं अन् टोचावं?’ तुम्ही शांतपणे भाकरी मोडत म्हणालात, ‘सरकारी न्हाई, आपला हाय. म्हनून तर दाखवायचा.’ तो झगा मला आखूड झाला तरी मी घालत होते.

एकदाच तुम्ही माझ्यावर रागावलात. एका वाडीत बायका विचारत होत्या, पोरी, दुखतं का? मला तुमची कड घ्यायची होती. मी म्हणाले, ‘अजिबात न्हाई दुखत, गुदगुल्या व्हत्यात.’ एक मुलगी हसत पुढे आली. सुई लागताच तिने असा गळा काढला की तिची आई तिला उचलून, मागच्या सगळ्या बायकांना घेऊन चालती झाली. त्या दिवशी त्या वाडीत कुणालाच टोचता आलं नाही. वाटेत तुम्ही सायकल थांबवलीत, मला खाली उतरवलंत. ‘खोटं बोलून एकदाच टोचता येतं,’ तुम्ही म्हणालात. ‘दुसऱ्यांदा त्या दारात पाय ठिवता येत न्हाई. दुखतं तर दुखतं म्हन. किती दुखतं, ते बी सांग.’ आणि मग पुढच्या ओढ्यापर्यंत मला पायी चालवलंत, तुम्हीही सायकल हातात धरून शेजारी चालत होता. ओढा कोरडा ठणठणीत. माझ्या पायाला फुफाट्याचे चटके बसत होते. मला अजून तो रस्ता दिसतो.

आता ती गोष्ट, जी मी अर्धी सांगितली. डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. पाला-पाचोळ्याच्या खोपटांत माणसं राहायची, आणि खोपटांत दोन लेकरांना देवी आल्या. तुम्हाला तातडीने बोलावलं. आपण पोहोचलो तेव्हा बायाबापड्या उन्हात ओळीने उभ्या, आणि कामावरचा साहेब हजेरीचं मस्टर बगलेत मारून सांगत होता, ‘ज्याच्या दंडावर सुई नाही, त्याचं नाव आजपासून मस्टरवर नाही.’ लोक खाली बघत बाह्या सरसावत होते. तुम्ही थर्मास खाली ठेवलात आणि पुढे होऊन म्हणालात, ‘साहेब, पोट आन् सुई एका दाव्यात बांधू नका. भुकेपायी दंड पुढं करनाऱ्याला मी टोचनार न्हाई.’ साहेबाला ते लागलं. सगळ्यांदेखत तो म्हणाला, पगार सरकारचा खाता आणि बोलता सरकारविरुद्ध? तुम्ही म्हणालात, होय. त्या एका ‘होय’बद्दल पुढे तुमची बदली झाली, आणि आईने महिनाभर तुमच्याशी अबोला धरला. इथवर मी गावाला सांगितलं.

पुढचं नाही सांगितलं. साहेब तणतणत गेल्यावर तुम्ही लोकांकडे वळलात. ‘मस्टरवर तुमची नावं लागतील, ते भांडन माझं न् साहेबाचं. पन देवी खोपटात शिरलीय, तिला साहेब कळत न्हाई न् मी बी कळत न्हाई. आता हिकडं बगा.’ आणि बाही वर. मग माझ्या झग्याचं बटण. कुणी पुढे येईना. तेवढ्यात डोक्यावरचं घमेलं उतरवून एक नवी नवरी पुढे आली, अंगावर हळदीचं लुगडं अजून विटलं नव्हतं. ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि मला विचारलं, ‘खरं सांग बाय, दुखतं का?’ मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही थर्मासचं बूच लावत होता, माझ्याकडे पाहिलंच नाही. मी म्हणाले, ‘दुखतं. थोडंच. मंग खाजतं.’ ती हसली आणि दंड पुढे केला. तिच्यामागे सगळी रांग आली. धमकी न देता, धमकीपेक्षा जास्त लोकांना तुम्ही त्या दिवशी टोचलंत. परतताना तुम्ही मला कॅरियरवर नाही, पुढे दांडीवर बसवलंत.

पुढे दहा-बारा वर्षांनी मी लग्न होऊन या गावात आले, तर उंबऱ्यावर माप ओलांडताना गर्दीतून एक बाई माझ्या दंडाकडे बघत ओरडली, ‘अगं बया, ही तर देवीवाल्याची लेक! हिचा दंड म्या बघितलाय!’ तीच ती. तिचं सासर हेच गाव निघालं. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायला लागले. परक्या गावात ती माझं माहेर झाली. नवऱ्यासोबत कित्येक वर्षं उसाच्या फडात गेली, नवरा गेल्यावर दोन म्हशी धरल्या, आणि संस्था निघाली तेव्हा पहिल्या दिवशी पहिलं दूध तिने घातलं. तुमचा विषय काढायला मला दुसरं कुणी नव्हतं. ती तुम्हाला अन्ना म्हणायची, जणू तिचेच वडील.

मग ते रोगाचं साल आलं, अण्णा. तुम्ही असता तर काय केलं असतंत, याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते. आधीच कोरडवाहू संसार, त्यात हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. एका संध्याकाळी सगळं बंद म्हणून सांगितलं. ऊसतोडीला गेलेली आमची माणसं कारखान्यांवर अडकून पडली, लेकरं इकडे, आईबाप तिकडे. हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, टँकर येईना. दूध टाकवत नाही म्हणून आम्ही बायकांनी अंगणा-अंगणात कढया मांडून खवा आटवला, मग खवाही कुणी घेईना. वर पोलिसाची काठी. एका वर्षाने लस आली तर तालुक्याच्या दवाखान्यावर आज ‘लस संपली’, उद्या ‘लस संपली’. मी चिडले होते, आणि माझं चिडणं खोटं नव्हतं. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. एवढंच, की तुमच्यासारखं मलाही एका साहेबाशी भांडण होतं. तुम्ही भांडण आणि थर्मास वेगवेगळे ठेवलेत. मी एकत्र केले.

कारण त्यात भावकी आली. गावचा सरपंच म्हणजे माझा चुलत दीर. सोसायटीच्या निवडणुकीपासून त्याचं पॅनल वेगळं, आमचं वेगळं. त्याच्या दारात मांडव पडला तर आमची माणसं वाकडी वाट करून जातात. चैत्रात त्याने खटपट करून गावात लशीचं शिबिर आणलं. ग्रामपंचायतीवर हा मोठा फलक, त्यावर दीर हात जोडून हसतोय, सुईपेक्षा त्याचे दात मोठे. आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आमची आरोग्याची पोरगी, माझ्याकडे आली. ‘चेअरमनबाई, तुमी एक शब्द टाका. तुमच्या बायका तुमचं ऐकत्यात. लई भ्याल्यात त्या, सुई घेतली की मानूस मरतं म्हनत्यात.’ मी म्हणाले, बघते. आणि बघितलं ते असं: दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला सगळ्या बायका जमलेल्या असताना मी पायरीवर उभी राहिले.

काय बोलले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, कारण कुणीतरी फोनमध्ये घेतलं आणि ते आजूबाजूच्या गावांत फिरलं. ‘बायांनो, आपलं दूध नासत होतं तेव्हा हे सरकार कुठं गेलतं? आपली मानसं फडात अडकली तेव्हा कुठं गेलतं? आता सुई घेऊन आलंय, न् सुईवर फोटो कुनाचा, तर सरपंचाचा! माझा बाप देवीवाला व्हता. बहात्तर साली साहेबानं सक्ती केली तर माझ्या बापानं तोंडावर सांगितलं, मी टोचनार न्हाई! बदली झाली तरी वाकला न्हाई. मी त्याची लेक हाय.’ टाळ्या पडल्या, अण्णा. दुधाची भांडी खाली ठेवून टाळ्या. मी पुढे असंही म्हणाले की लस घेऊ नका असं मी म्हणत नाही, घाई करू नका. आपल्या संस्थेत आपलं शिबिर लावू, आपल्या पॅनलच्या पुढारी साहेबांना बोलावू, मानाने घेऊ. हे वाक्य त्या फोनमध्ये नाही. ते तिथे नाही म्हणून मी बरेच दिवस इतरांवर रागावले होते. पण खरं सांगते, ते वाक्य जास्त वाईट होतं. भीती वाटणाऱ्या बायकांना मी थांबायला कारण दिलं, आणि तेही फलकावर कुणाचा फोटो असावा एवढ्यासाठी.

सरपंचाच्या शिबिराला आमच्या आळीतून कुणी गेलं नाही. उघडलेली बाटली तशीच राहिली म्हणे, फेकून द्यावी लागली. आमच्याकडे हे विजय म्हणून सांगितलं गेलं. मावशी त्या दिवशी दूध घालून झाल्यावर मागे थांबली. रिकामी चरवी कडेला धरून म्हणाली, ‘बाई, तुमी त्या दिशी अर्दंच सांगितलं. अन्नानं मंग तुमचाच दंड पुढं केलता की.’ मी म्हणाले, मावशी, सगळं सांगत बसले असते तर दूध नासलं असतं. ती हसली नाही. ‘मंग मी घिऊ का नगं? तुमी म्हनाल तसं.’ नारायणगडाला गेलं की माणूस देवापुढे प्रश्न ठेवतं ना, तशी ती माझ्यापुढे उभी होती. एक शब्द बोलायचा होता मला. मी म्हणाले, ‘थांबा की मावशी. आपलं शिबिर व्हनारच हाय. साहेबांची तारीख मिळाली की लगेच.’ ‘बरं,’ ती म्हणाली. ‘तुमी घेतली की मी घेते.’

साहेबांची तारीख मिळेना. उद्घाटनाला साहेब हवेत, फलक छापायला तारीख हवी, आणि साहेबांच्या माणसाचा फोन लागेना. तेवढ्यात अंबाजोगाईहून माझ्या लेकीचा फोन आला, ‘आई, इथं उद्या मिळतेय, मी नंबर लावलाय. तुला साखर आहे, नाटकं करू नकोस.’ मी गेले. घरी आणि गावात सांगितलं, डोळे तपासायला जाते. जीपमध्ये बसताना पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता. रांगेत उभी राहिले, खुर्चीवर बसले, डावा दंड पुढे केला. टोचणारी पोर म्हणाली, काकू, हा केवढा जुना वण! आधी आपला दंड. तुमचं तेवढं वाक्य मी पाळलं, फक्त बघायला कुणी नव्हतं. त्या दिवशी मला लाज वाटली का? नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. लेकीकडे आमरस खाऊन आले.

दुसऱ्या दिवशी कणकण आली. बायकांना सांगितलं, ऊन लागलं. दुपारी मावशी आली, कैरी भाजून पन्हं करून, पितळी तांब्यात. मी पडून होते. ‘उठा, घ्या गार,’ म्हणत तिने मला उठवायला हात दिला, आणि तिचा हात पडला नेमका डाव्या दंडावर. मी कळवळले. तिने हात मागे घेतला, माझ्या दंडाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि विचारलं, अगदी त्याच आवाजात, पन्नास वर्षांपूर्वीच्या, ‘दुखतं का?’ अण्णा, मी म्हणाले, ‘न्हाई वं. झोपेत अवघडलाय.’ तिने पदराने तांब्याची कड पुसली आणि तो माझ्या हातात दिला. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. तिला कळलं असतं तर तिने जाऊन घेतली असती, म्हणून कळलं नसावं. पण मला वाटतं तेव्हाही तिने माझ्यावर विश्वासच ठेवला. ते पन्हं मी सगळं प्यायले, गुळाचं होतं, वर वेलदोडा घातला होता.

पुढचं थोडक्यात लिहिते, लांबवून लिहायचा मला हक्क नाही. वैशाखात मावशीला खोकला झाला. पोरगा आणि सून ऊसतोडीहून नुकतेच परतले होते, त्यांनाही होता, ते उठले. ती उठली नाही. चार दिवस गाडीत घालून दवाखान्यांच्या दारांवर फिरवलं, शेवटी एका ठिकाणी जागा मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला. घरी आणलं नाही. तिथेच, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसांनी उरकलं. सुई घेतली असती तर वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तेही नक्की सांगत नाहीत. तो सुटकेचा दोर मी कितीदा धरून बघितला आहे. पण ती ‘तुमी घेतली की मी घेते’ म्हणाली होती आणि मी घेतली होती. याच्यात डॉक्टरला विचारण्यासारखं काही नाही.

दहाव्याला मोजकीच माणसं होती. सून बाजेच्या पायाशी बसली होती. मी जवळ जाऊन बसले तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. ‘आत्याबाई शेवटपतूर तुमचं नाव घेत व्हत्या. म्हनायच्या, चेअरमनबाई थांबल्यात, मंजी आपुन बी थांबायचं. बाई, तुमी बी जपा. तुमी बी अजून घेतली न्हाई.’ मी मान हलवली. होकाराची. त्या पोरीच्या डोळ्यात माझी काळजी होती, आणि मी मान हलवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तुम्ही कीर्तनकारांबद्दल म्हणायचात. मला तर ब्रह्मज्ञानही सांगता आलं नाही.

आषाढात साहेबांची तारीख मिळाली. संस्थेच्या शेडमध्ये आपलं शिबिर. फलक लागला, त्यावर साहेब आणि कोपऱ्यात मी. इतक्या बायका आल्या की रांग गोठ्यापर्यंत गेली. मावशी गेल्यापासून सगळ्याच भ्याल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, पहिली सुई चेअरमनबाईंना. माझी दुसऱ्या सुईची वेळ भरतच आली होती. मी खुर्चीवर बसले आणि, अण्णा, मी मोठ्याने म्हणाले, ‘माझा बाप म्हनायचा, आधी आपला दंड, मग लोकांचा!’ आणि बाही वर केली. टाळ्या. फोटो. आशाताई शेजारी फोनमध्ये नाव घालत होती. तिचा अंगठा थांबला. फोनवर आलं असणार, हिचा हा दुसरा डोस, पहिला अमुक दिवशी अंबाजोगाईला. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं आता ही बोलणार. तिने पुढचं नाव विचारलं. आजही समोर आली की ती ‘नमस्कार बाई’ म्हणते आणि मान वळवते.

पुढचं नाव मावशीच्या सुनेचं होतं. माझ्यानंतर लगेच घ्यायची म्हणून ती पहाटेपासून उभी होती. खुर्चीवर बसताना तिने मला विचारलं, ‘बाई, दुखतं का वं?’ मी म्हणाले, दुखतं, थोडंच, एक दिवस कणकण येईल. त्या अख्ख्या दिवसात तेवढंच खरं बोलले. तिने डोळे मिटून दंड पुढे केला.

आता सासूच्या चरवीतून तीच दूध घालते. संध्याकाळी येईल. चरवी खाली ठेवेल, आज भाव काय म्हणणार नाही, आधी विचारेल, बाई, तब्येत बरी हाय का. मी बरी आहे म्हणेन. हे लिहिलेलं तुमच्या सुया उकळायच्या डब्यात घडी करून ठेवणार आहे, तो अजून माझ्याकडे आहे, झाकण जरा वाकलंय. एक कबूल करते आणि थांबते. हे पत्र तुमचं नाही, अण्णा, मावशीच्या सुनेचं आहे. ती सातवीपर्यंत शिकली आहे, तिला वाचता येतं. तिच्या नावाने लिहिलं तर तिला द्यावं लागेल, म्हणून तुम्हाला लिहिलं.